आधी पाणी कुठे मारलं?

होर्का गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला त्या उन्हाळ्यात एकशेवीस वर्षं होत होती. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं दल एकाच प्रश्नावर चाललं होतं. एकोणीसशे एकतीस साली गिरणी पेटली तेव्हा आधी पाणी कुठे मारलं?

उत्तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खानावळीवर. वाद होता तो 'का' याबद्दल.

गिरणी हिनेक मालाताच्या आजोबांची. खानावळ वेंडेलिन पावेल्काच्या आजोबांची, आणि दलाचे प्रमुखही तेव्हा तेच. दोन्हींच्या मध्ये एक बोळ, हातगाडी जेमतेम जाईल एवढा. गिरणी धडाडून पेटली होती, खानावळीला अजून ठिणगीही शिवली नव्हती, आणि पावेल्का आजोबांनी हुकूम सोडला, "खानावळीच्या छपरावर मारा!" गिरणी जळून गेली. खानावळ नुसती भिजली. मालातांच्या मते तो दरोडाच होता, फक्त पाण्याने घातलेला. पावेल्कांच्या मते गिरणी वाचण्यासारखी राहिलीच नव्हती, आणि शिवाय ती मालातांनी स्वतःच पेटवली होती, विम्यासाठी, आणि सोबत खानावळही जाईल हा त्यांचा हिशेब चुकला म्हणून त्यांची ही बोंब.

पुढच्याच वर्षी मालाता आजोबा दलात भरती झाले. पाद्रीबुवांना गहिवरून आलं. क्षमा या विषयावर त्यांनी त्या रविवारी प्रवचन केलं. आजोबा पहिल्या बाकावर बसून शांतपणे ऐकत होते. त्यांनी क्षमाबिमा काही केली नव्हती. पुढच्या आगीत पाण्याची तोटी आपल्या हातात असावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते कळताच पावेल्का आजोबांनी प्रमुखपद सोडलं आणि पंप धरला. तेव्हापासून होर्कात तोटी मालातांची आणि पंप पावेल्कांचा. पंपाशिवाय तोटी म्हणजे पितळेचा एक दांडा, आणि तोटीशिवाय पंप म्हणजे अंगणात चिखल. बाकीचं गाव मग आपोआप दोन भागांत दलात येत गेलं. काही जण आग विझवायला आले आणि उरलेले त्यांच्यावर लक्ष ठेवायला.

याचा दलाला अतोनात फायदा झाला, हे मान्य करावंच लागेल. होर्कात आग लागली आणि माणसं कमी पडली असं कधी झालं नाही. आजारी माणूसही अंगावर शाल घेऊन यायचा, कारण आपण नसताना काय होईल याची कोणालाच खात्री नव्हती. शेजारच्या रुडित्सेत लोकांचा एकमेकांवर गाढ विश्वास. तिथे भोंगा वाजला की प्रत्येकाला वाटायचं, दुसरा गेला असेल. रुडित्सेची शाळा जळाली, नाट्यगृह जळालं, एकदा बंबखान्याचंच अर्धं छप्पर गेलं. जिल्ह्याचा चषक वर्षानुवर्षं होर्काच्या कपाटात.

मध्ये युद्ध येऊन गेलं. मग कम्युनिस्ट पक्षाचं राज्य आलं. पक्षाने खानावळ घेतली, गिरणीची जागा घेतली, गाई घेतल्या. संशय तेवढा सरकारजमा करता आला नाही. एका सचिवाने प्रयत्न करून पाहिला. तोटी त्याने दुग्धशाळेतल्या एका विश्वासू कॉम्रेडच्या हाती दिली. पहिल्याच आगीत पंपावरच्या पावेल्काने असा काही दाब सोडला की तोटीने त्या कॉम्रेडला उचलून आलुबुखाराच्या बागेतून फिरवून आणलं. दुसऱ्या दिवशी तोटी हिनेकच्या वडिलांकडे परत आली. सचिवाने अहवालात लिहिलं की या गावातले अंतर्विरोध अजून परिपक्व व्हायचे आहेत.

पक्ष गेला तेव्हा खानावळ पावेल्कांना परत मिळाली आणि गिरणीची जागा मालातांना. हिनेकने तिथे हार्डवेअरचं दुकान काढलं. मागे लाकडी कोठार होतं, त्यात तो रंगाचे डबे, दोरखंड, फळ्या ठेवायचा. मधला बोळ होता तेवढाच राहिला. म्हणजे इतिहासाने एवढा मोठा वळसा घेऊन दोघांना पुन्हा त्याच जागी आणून उभं केलं.

आणि आता एकशेवीस वर्षांनिमित्त दलाची पुस्तिका निघणार होती.

पुस्तिका लिहायचं काम द्राहोमिरा स्कालोव्हा बाईंकडे आलं. बाई निवृत्त होत्या, चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या. हिनेक आणि वेंडेलिन दोघेही त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि दोघांनाही त्यांनी सारखंच नापास केलेलं. त्यामुळे त्या निःपक्ष आहेत यावर दलाचं एकमत झालं.

तीसपर्यंतचा इतिहास बाईंनी भराभर लिहून काढला. मग त्यांचा हात थांबला.

हिनेकला त्या पुस्तिकेत एकच वाक्य हवं होतं, 'गिरणी जळत असताना दलाने आधी पाणी खानावळीवर मारलं.' पुढे पूर्णविराम. त्याचे आजोबा या वाक्याची वाट बघत गेले, वडील गेले. मागच्या खोलीत खिडकीशी बसलेली चौऱ्याऐंशी वर्षांची आई अजून वाट बघत होती. रोज सकाळी ती विचारायची.

"लिहिलं का तिने?"

"अजून नाही, आई."

"पावेल्काने पैसे चारले असतील."

"बाई पैसे घेत नाहीत."

"मग दुसरं काहीतरी चारत असेल. चारण्यात ती माणसं पिढीजात हुशार."

हिनेकला हे पटायचं, कारण त्याच्या दुकानाच्या काउंटरवरून खानावळीचं दार स्वच्छ दिसायचं. बाई दुपारी तिथे जेवायला जायच्या. आधी फक्त सूप घ्यायच्या. मग सुपासोबत कणकेचे उकडलेले गोळे आले. मेच्या सुरुवातीला, ग्राहकाला खिळे मोजून देता देता, हिनेकने वेंडेलिनला स्वतःच्या हाताने बाईंपुढे खसखशीचा केक ठेवताना पाहिलं. त्याने ग्राहकाला स्क्रू दिले.

संध्याकाळी त्याने बाईंच्या कुंपणासाठी हिरवा रंग पाठवून दिला. बाईंनी तो घेतला. वेंडेलिनने दुसऱ्या दिवशी केक मोठा केला. हिनेकने ब्रश पाठवले. महिनाभरात बाईंचं कुंपण दोन हात देऊन झालं, त्यांच्या कमरेचा घेर वाढला, आणि एकतीस सालची जागा कोरी ती कोरीच राहिली.

शेवटी हिनेकने त्यांना रस्त्यात गाठलं.

"बाई, जे झालं ते लिहायला एवढा वेळ?"

"जे झालं ते लिहायला वेळ लागत नाही, मालाता. पुढे 'कारण' लिहायचं की नाही, तिथे गाडी अडलीये. तुला 'कारण' नको आहे, वेंडेलिनला हवं आहे."

"त्याचं कारण खोटं आहे."

"असेल. पण तू तिथे नव्हतास."

"तोही नव्हता!"

"म्हणूनच तुम्ही दोघं एवढ्या खात्रीने बोलता," बाई म्हणाल्या, आणि केक खायला निघून गेल्या.

आता भोंग्याचं सांगायला हवं. देशभर दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी बरोबर बारा वाजता सगळे भोंगे जिल्ह्याहून वाजवून पाहतात. होर्कात त्या आवाजावर कोणी मान वर करत नाही. बायका सूप वाढतात, पुरुष घड्याळं लावून घेतात. भोंगा ऐकून बंबखान्यावर जाणारी माणसं फक्त दोन. हिनेक जायचा, कारण चाचणीच्या निमित्ताने वेंडेलिन तिथे एकटाच घुसून काहीतरी करून ठेवेल. वेंडेलिन जायचा, कारण हिनेक जायचा. दोघं फाटकाशी उभे राहायचे.

"चाचणी," वेंडेलिन म्हणायचा.

"दिसतंय," हिनेक म्हणायचा.

मग दोघं एकाच वेळी पाठ फिरवायचे. एकाच वेळी, कारण आधी निघणाऱ्याचा भरवसा काय?

त्या जूनमधल्या बुधवारी सकाळपासून हिनेक कोठारात होता. एकशेवीस वर्षांच्या मिरवणुकीसाठी दलाचा जुना हातपंप त्याच्याकडे डागडुजीला दिला होता. त्याची लाकडी चाकं त्याने जवसाच्या तेलाने घासून घासून चकचकीत केली आणि पंप अंगणात उन्हात वाळायला ठेवला. चिंध्या गोळा करून बाहेर पसरायला नेणार, एवढ्यात फळ्यांच्या फटीतून त्याला बाई दिसल्या. हातात कागद होते, आणि त्या खानावळीच्या मागच्या दाराने आत जात होत्या. मागच्या दाराने!

हिनेकने चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात रंगाच्या डब्यांमागे टाकला आणि बोळात जाऊन खानावळीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभा राहिला. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि वेंडेलिनची बायको कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होती. एकतीस साल काही ऐकू आलं नाही. यावरून हिनेकची खात्री पटली की ते मुद्दाम टाळत आहेत. तो परत दुकानात आला. कोठाराकडे काही तो पुन्हा फिरकला नाही.

तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप तापतात आणि पेटतात, हे दर वसंतात शाळेत जाऊन मुलांना सांगायचं काम दलातर्फे हिनेककडेच होतं. सोबत तो चित्रंही न्यायचा.

बारा वाजले, भोंगा सुरू झाला. हिनेकने दुकानाला कुलूप लावलं आणि सवयीने बंबखान्याची वाट धरली. वेंडेलिन समोरून येतच होता, गळ्यात खानावळीचा फडका तसाच.

"चाचणी," वेंडेलिन म्हणाला.

"दिसतंय."

भोंगा थांबला. दोघं वळणार, तोच तो पुन्हा सुरू झाला. या वेळी मात्र तुटक. वाजला, थांबला, वाजला. आगीचा भोंगा असा वाजतो, हे होर्कात सगळ्यांना माहीत आहे. पण सगळ्यांच्या तोंडात सूप होतं, आणि बुधवार होता, आणि सरकार काय, कधीही काहीही नवीन काढतं. गावात एकही दार उघडलं नाही. दलाच्या लोकांना मोबाइलवर संदेशही गेला, पण मोबाइल तेव्हा नवे होते आणि होर्कात त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसायचा होता.

"हे काय वाजवतायत?" वेंडेलिन संशयाने म्हणाला. "तू केलंस काही?"

"मी इथे तुझ्यासमोर उभा आहे!"

मग दोघांनीही वर पाहिलं. खानावळीच्या मागून काळा धूर चढत होता.

पुढचं हातांनी आपोआप केलं. वेंडेलिन बंब चालवत होता, हिनेक शेजारी बसून बूट चढवत होता. दोघं एका गाडीत शेजारी शेजारी बसण्याची ती पहिलीच वेळ. एरवी मध्ये निदान चार माणसं असायची.

"माझी खानावळ असली ना मालाता, तर बघ," वेंडेलिन दात आवळून म्हणाला.

"माझं कोठार असलं तर तू बघ."

कोठारच होतं. दारातून, फटींतून, छपरातून ज्वाळा निघत होत्या आणि आत रंगाचे डबे एकेक करून फुटत होते. वारा बोळाच्या बाजूला होता, आई बसलेल्या दुकानाच्या उलट. हिनेकच्या मनात पहिला विचार आला तो वेंडेलिनचा. दुसरा चिंध्यांचा. दुसरा आल्यावर पहिला निघून गेला, आणि त्याची जागा रिकामीच राहिली.

बंबाच्या टाकीत होतं तेवढंच पाणी. तळ्यावरून पाइप ओढायला आणखी माणसं लागतात, आणि माणसं जेवत होती. वेंडेलिनने पंप चालू केला. हिनेकने तोटी कोठारावर रोखली आणि पाणी सोडलं. फुस्स करून वाफ उठली, आणि वाफेच्या मागे आग होती तशीच उभी. त्याने खानावळीकडे पाहिलं. तिच्या वळचणीच्या लाकडावरचा रंग फुगून फोड आले होते आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती.

त्याने मनगट वळवलं.

पाणी वळचणीवर आदळलं तसा मागून वेंडेलिन ओरडला, "ए! ए मालाता! कुठे मारतोस?"

"तुझ्या छपरावर!"

"कोणी सांगितलं तुला? तुझं कोठार जळतंय!"

"कोठार गेलं!"

"गेलं कसं? उभं आहे की समोर!"

"अरे उभं आहे म्हणजे काय वाचणार आहे? तुझी वळचण धरली तर अख्खी गल्ली जाईल!"

"माझ्या वळचणीची काळजी तू करू नकोस! उद्या गावभर सांगत फिरशील, पावेल्काने पुन्हा स्वतःचंच घर भिजवून घेतलं! मी पंप बंद करतो, आधी तुझ्या कोठारावर मार!"

"कर बंद! छप्पर तुझं आहे!"

वेंडेलिनचा हात खरोखरच दांड्यावर होता. एका मालाताने आपलं छप्पर वाचवावं यापेक्षा ते जळालेलं बरं, असा हिशेब त्याच्या डोक्यात चाललेला हिनेकला स्पष्ट दिसत होता. त्याच्या जागी आपणही हाच हिशेब केला असता, हेही त्याला दिसलं. मग खानावळीच्या मागच्या दारातून बाई आणि वेंडेलिनची बायको खोकत बाहेर आल्या, बाईंच्या हातात अजून चमचा. वेंडेलिनने एक शिवी हासडली आणि दांडा पूर्ण पुढे ढकलला.

टाकी संपत आली तेव्हा कुठे गाव आलं. कोणाच्या हनुवटीला सूप, कोणाच्या कॉलरमध्ये रुमाल. तळ्यावरून पाइप आला. कोठार कोसळलं आणि त्याच्यावर मग हवं तेवढं पाणी मारता आलं. खानावळ भिजली. एवढंच झालं तिला.

लोक मात्र खानावळीच्या ओल्या छपराकडे बघत होते, मग कोठाराच्या राखेकडे, मग हिनेकच्या हातातल्या तोटीकडे. दलात लक्ष ठेवायला आलेल्यांची सगळ्यात मोठी पंचाईत झाली. नेमकं कोणावर लक्ष ठेवायचं हेच त्यांना कळेना.

जिल्ह्याहून तपासणीस आला. तो राख उकरायला लागण्याआधीच हिनेकने त्याला चिंध्यांचं सांगून टाकलं. तपासणीसाने ते लिहून घेतलं, पुरावा सापडला, प्रकरण मिटलं. तपासणीसापुरतं मिटलं. होर्कात कोणाचाही यावर विश्वास बसला नाही. मुलांना चित्रं दाखवून चिंध्यांचं सांगणारा माणूस स्वतःच्या कोठारात चिंध्या टाकेल? काहींच्या मते विमा होता. काहींच्या मते पावेल्कांनी जाळलं आणि मालाताला गप्प बसण्याबद्दल काहीतरी मिळालं. आणि बेकरीसमोरच्या रांगेत एक तिसरंच मत होतं. ते सांगताना लोक आवाज खाली आणायचे. त्या दोघांनी आतून हातमिळवणी केली आहे. आता गावाचं काही खरं नाही.

हिनेकला यातलं काहीच टोचत नव्हतं. त्याला टोचत होतं ते मनगट. सत्तर वर्षांचा राग, तीन पिढ्यांनी जपलेला, रविवारच्या कोटासारखा झटकून झटकून ठेवलेला, आणि तो मनगटाच्या एका वळणात निकालात निघावा? तोटी हातात असताना त्याला आजोबा आठवले नव्हते, पावेल्का आठवले नव्हते. जे गेलं ते गेलं होतं आणि जे जायचं होतं ते समोर धुमसत होतं. विचार करायला काही जागाच नव्हती. एवढं सोपं होतं तर हे त्याला कोणी सांगितलं कसं नाही? मग त्याच्या लक्षात आलं की पावेल्का हेच सत्तर वर्षं सांगत होते. म्हणूनच त्याने ते ऐकलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी बाई दुकानात आल्या. त्यांनी काउंटरवर कागद पसरला.

"या जूनची आग पुस्तिकेत घ्यावी असं दलाचं म्हणणं आहे. सांग, पाणी आधी कुठे मारलं?"

"तुम्ही तिथेच होता की, बाई."

"मी चमचा घेऊन पळत होते. तू सांग."

"आधी थोडं कोठारावर. मग खानावळीवर."

बाईंनी लिहिलं. "पुढे 'कारण' हवं का तुला?"

हिनेकने वळून पाहिलं. मागच्या खोलीत आईची खुर्ची कुरकुरली आणि थांबली. ती ऐकत होती.

"कारण नको असेल तर तसं सांग," बाई म्हणाल्या. "मग वाचणारा जे समजायचं ते समजेल. मालाताने पावेल्काकडून काहीतरी घेतलं असंही समजेल. बेकरीत समजतातच आहेत."

"कोठार वाचण्यासारखं राहिलं नव्हतं," हिनेक हळू म्हणाला. "म्हणून."

"आणि एकतीस साली?"

"बाई, तुम्ही मला नापास केलं होतं ते बरोबर होतं."

"हे उत्तर नाही."

"तेच लिहा," तो म्हणाला. "दोन्हीकडे तेच लिहा."

सभा शनिवारी दुपारी बंबखान्यात भरली. दारावरच्या कोनाड्यात आगीपासून राखणाऱ्या संत फ्लोरियनचा पुतळा नेहमीप्रमाणे बादली ओतत उभा. बाईंनी एकतीस सालचा मजकूर वाचून दाखवला, 'दलाने आधी पाणी शेजारच्या खानावळीवर मारलं, कारण गिरणी वाचण्यासारखी राहिली नव्हती आणि आग पुढे पसरण्याचा धोका होता.'

सगळ्यांच्या माना हिनेककडे वळल्या. हिनेक म्हणाला, "माझी हरकत नाही."

बाकावर कोणीतरी ग्लास खाली ठेवला तो सगळ्यांना ऐकू आला.

"माझी आहे," वेंडेलिन उठून उभा राहिला.

"तुमची?" दलप्रमुखांनी विचारलं. ते दलप्रमुख झाले होते ते दोन्ही घराण्यांशी नातं नसल्यामुळे, आणि त्याचा त्यांना रोज पश्चात्ताप व्हायचा. "अहो, हे तुमचंच वाक्य आहे ना? तुमच्या आजोबांचं?"

"वाक्य आमचं आहे. पण हा हो म्हणतोय." वेंडेलिनने हिनेककडे बोट दाखवलं. "सत्तर वर्षं नाही म्हणणारी माणसं एका आठवड्यात हो म्हणतात? यात काहीतरी आहे. ते 'कारण' काढून टाका."

"म्हणजे मालातांचं वाक्य ठेवायचं?"

"त्यांच्या वाक्यात काय होतं ते मला निदान माहीत होतं!"

सभेत कुजबुज उठली. बऱ्याच जणांना वेंडेलिनचं म्हणणं पटत होतं. लक्ष ठेवायला आलेल्यांच्या चेहऱ्यावर तर आठवड्यात पहिल्यांदाच थोडी तरतरी आली.

हिनेक उठला. भाषण त्याला जमत नसे, शाळेतही तो चित्रांवर निभावून न्यायचा.

"ऐक, वेंडेलिन. मला तुझ्याकडून काही नको. तुझा केक नको, बिअर नको. तोटी माझ्या हातात होती, हुकूम द्यायला कोणी पावेल्का नव्हता, उलट तूच बोंबलत होतास की इकडे मारू नको. तरी मी तिकडेच मारलं. एकतीस साली तोटी माझ्या आजोबांच्या हातात असती तर त्यांनीही तेच केलं असतं. आणि नसतं केलं, तर ते चुकले असते. हे मी तुझ्यासाठी बोलत नाहीये. तू अजूनही मला आवडत नाहीस."

"हे शेवटचं खरं वाटतंय," वेंडेलिन जरा सैल होत म्हणाला.

"तेही लिहून घ्यायचं का?" दलप्रमुखांनी थकून विचारलं.

मतदान झालं. वाक्य 'कारणा'सकट मंजूर झालं. वेंडेलिन पावेल्काने, आपल्या आजोबांवरचा डाग धुतला जात असताना, तटस्थ राहणं पसंत केलं. बाहेर पडताना तो हिनेकच्या शेजारून गेला आणि थांबला.

"वळचण रंगवायला लागेल," तो म्हणाला. "रंग तुझ्याकडून घेणार नाही."

"मी देणारही नाही. रुडित्सेत जा."

"तिथे पातळ देतात."

"मग इथे दुप्पट भावाने मिळेल."

"हं," वेंडेलिन म्हणाला. हिनेकला त्या 'हं'मध्ये काय होतं ते कळलं नाही, आणि घरी पोचेपर्यंत तो त्याचाच विचार करत राहिला.

आईला ही बातमी दुसऱ्या कोणी सांगायच्या आत आपण सांगावी म्हणून तो भराभर चालला होता. पण होर्कात बातमीच्या पुढे धावणं कोणालाच जमलेलं नाही. आई खुर्चीत नव्हती. ती दारातच उभी होती, अंगात काळा कोट, डोक्याला रुमाल, हातात पर्स.

"आई, मी सांगणारच होतो."

"शेजारणीने सांगितलं. वाक्य त्यांचं लागलं."

"वाक्य खरं होतं, आई."

"असेल." तिने रुमालाची गाठ घट्ट केली. "तुझे वडील असते तर त्यांनी कोठारावरच मारलं असतं."

"मग दोन्ही गेली असती."

आईने मान वळवली. अंगणाच्या पलीकडे जिथे कोठार होतं तिथे आता नुसतं आकाश होतं, आणि खानावळीची काळी पडलेली वळचण सबंध दिसत होती. तिने ती नीट निरखून पाहिली, बाजारात मासा निरखावा तशी.

"तू कुठे निघालीस?" हिनेकने विचारलं.

"त्या स्कालोव्हाकडे. पुस्तक छापायला गेलं नाही ना अजून? पावेल्काच्या आजोबांचं वाक्य आलं, ठीक आहे. मग माझ्या नवऱ्याचं, बेड्रिख मालाताचंही येऊ दे. त्याने एवढी वर्षं तोटी धरली आणि कधी चुकीच्या जागी पाणी मारलं नाही, असं लिही म्हणावं."

"आई, फ्लोरियनच्या मिरवणुकीत बाबांनी पाद्रीबुवांना नखशिखांत भिजवलं होतं."

"त्या दिवशी उकडत होतं."

"मे महिन्याची सुरुवात होती, थंडी अजून गेली नव्हती. बुवांना न्यूमोनिया झाला."

"ते तिला सांगायची गरज नाही," आई म्हणाली. "मी काय बोलते त्यावर लक्ष ठेवायला येणार असशील तर चल. हात दे, पायरी ओली आहे."

हिनेकने हात दिला.